दार लावले, तरी राक्षस घरात कसा?

या वेळच्या टपालात ‘माइनक्राफ्ट’विषयीची पत्रे इतकी आली की, हे सदर त्याच एका विषयाला द्यायचे ठरवले. मार्कस पर्सन या स्वीडिश प्रोग्रॅमरने मे २००९ मध्ये लोकांसमोर आणलेला आणि १८ नोव्हेंबर २०११ रोजी पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेला हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यातले सारे जग एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या ठोकळ्यांचे असते. हे ठोकळे फोडता येतात, गोळा करता येतात आणि हवे तिथे रचता येतात. ‘सर्व्हायव्हल’ प्रकारात मात्र अंधार पडला की राक्षस निघतात आणि जिवंत राहायचे तर निवारा लागतो. पत्रांचा रोख जवळजवळ सगळा या निवाऱ्याकडेच आहे.

प्रश्न : मी नव्यानेच खेळू लागलो आहे. पहिल्याच दिवशी घर बांधायला घेतो, पण भिंती छातीपर्यंत येतात न येतात तोच अंधार पडतो आणि मी मारला जातो. पहिल्या रात्रीपुरते घर किती मोठे असावे?

उत्तर : पहिल्या दिवशी घर बांधूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खेळातला पूर्ण दिवस आपल्या घड्याळाच्या २० मिनिटांचा असतो. त्यातली सुमारे १० मिनिटे उजेडाची, ७ मिनिटे रात्रीची आणि उरलेली संधिप्रकाशाची. आता हिशेब करून पाहा. बाहेरून पाच बाय पाच ठोकळ्यांची खोली, तीन ठोकळे उंचीच्या भिंती आणि वर सपाट छप्पर एवढ्यालाच, दाराची जागा वगळून, ७१ ठोकळे लागतात. ते आधी फोडून गोळा करायचे, मग रचायचे, आणि मधल्या वेळात लाकूड, हत्यारे व अन्नही मिळवायचे, हे दहा मिनिटांत नवख्या माणसाला जमत नाही.

त्याऐवजी डोंगराच्या कुशीत शिरावे. झाडाचे तीन ओंडके तोडले की बारा फळ्या होतात. त्यांतल्या चार फळ्यांचे क्राफ्टिंग टेबल (वस्तू घडवण्याचे मेज), दोन फळ्यांच्या काठ्या आणि तीन फळ्या व दोन काठ्यांची लाकडी कुदळ, एवढे त्यात निभावते. ही कुदळ घेऊन दगडाच्या उभ्या कड्यात एक ठोकळा रुंद आणि दोन ठोकळे उंच असा बोगदा चार-पाच पावले आत न्यावा, आतल्या टोकाला थोडी जागा मोकळी करावी आणि तोंड दोन ठोकळ्यांनी बंद करावे. खोली खोदता खोदताच दगड हाती येतो, म्हणजे बांधकामाचे साहित्य आणि निवारा ही दोन्ही कामे एकाच कष्टात होतात. आठ दगडांची भट्टी मांडून तिच्यात जास्तीचे ओंडके भाजले की लोणारी कोळसा मिळतो, आणि एक कोळसा व एक काठी यांच्या चार मशाली होतात. (खेळात तिला ‘टॉर्च’ म्हणतात, पण आपल्याकडे टॉर्च म्हटले की विजेरीच डोळ्यांपुढे येते, म्हणून इथे मशालच म्हणतो.) कोंदट जागेत जीव गुदमरेल किंवा मशाल विझेल, ही भीती बाळगू नये. या खेळात बंद खोलीतली हवा संपत नाही.

जवळपास डोंगर नसेल, तर मातीत तीन ठोकळे खोल खड्डा खणून डोक्यावर एक ठोकळा ठेवावा. रात्र कंटाळवाणी जाते, पण सकाळ उजाडते.

प्रश्न : माझे घर पूर्ण दगडी आहे, खिडक्यांना काच आहे, दार लोखंडी आहे. दार आपोआप उघडावे म्हणून आत-बाहेर दाबपट्ट्या बसवल्या आहेत. तरीही खाणीतून परत आलो की घरात कधी झोंबी (चालते प्रेत), कधी क्रीपर (जवळ येऊन फुटणारा राक्षस) उभा असतो. मी घरात असताना हे कधीच घडत नाही. ते येतात कुठून?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगवेगळे दोष दडले आहेत. त्यांतला सोपा आधी सांगतो. दाराबाहेरची दाबपट्टी ही राक्षसांसाठी उघडी ठेवलेली वाट आहे. पट्टीवर पाय कोणाचा पडला, हे तिला कळत नाही. खेळाडूच्या वजनाने दार उघडते तसेच झोंबीच्याही वजनाने उघडते. आतली पट्टी राहू द्यावी, बाहेरची काढून तिथे दगडी बटण लावावे. बटण लाकडी नको, कारण स्केलेटनचा, म्हणजे धनुष्यधारी सांगाड्याचा, चुकार बाण लागला तरी ते दाबले जाते. लोखंडी दाराचा फायदा एवढाच की, ‘हार्ड’ या सर्वांत कठीण पातळीवर झोंबी लाकडी दार फोडू शकतात आणि लोखंडी फोडू शकत नाहीत. त्याहून सौम्य पातळीवर लाकडी दारही पुरते.

दुसरा दोष मात्र दाराशी निगडित नाही, आणि बहुतेक खेळाडूंची फसगत इथेच होते. राक्षस दूरच्या कुठल्या गुहेतून चालत येऊन आपल्या दारावर थडकतात, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते पुरेसा अंधार असलेल्या कोणत्याही मोकळ्या जागी आयते उत्पन्न होतात, आणि ती जागा चार भिंतींच्या आत असली तरी त्यांना काही फरक पडत नाही. भिंत राक्षसाला बाहेर ठेवते खरी. पण जो आतच जन्मला, त्याच्यापुढे तिचे काही चालत नाही.

आता ‘मी घरात असताना हे घडत नाही’ हे आपले निरीक्षण घ्या. ते अचूक आहे. खेळाडूपासून २४ ठोकळ्यांच्या आत राक्षस उत्पन्न होत नाहीत. आपण घरात बसलेले असता तेव्हा ते सगळे घर या सुरक्षित वर्तुळात असते, त्यामुळे कोपऱ्यात कितीही काळोख असला तरी काही होत नाही आणि घर निर्धोक असल्याचा भास होतो. आपण खाणीत उतरून पुरेसे लांब गेलात की वर्तुळ आपल्याबरोबर सरकते आणि तोच काळोखा कोपरा कामाला लागतो.

उजेडाचे माप ० ते १५ असे असते. मशालीच्या जागी ते १४ असते आणि पुढच्या प्रत्येक ठोकळ्यागणिक एकने घटते. अंतर मोजताना तिरपे जायचे नाही. आधी सरळ, मग आडवे, अशी पावले मोजायची. नऊ बाय नऊच्या खोलीत जमिनीवर मधोमध एकच मशाल ठेवली, तर कोपरा चार आणि चार मिळून आठ पावलांवर येतो, म्हणजे तिथे उजेड ६ उरतो. हा उजेड पुरेसा आहे की नाही, हे आपण खेळाची कोणती आवृत्ती वापरता यावर अवलंबून आहे. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी आलेल्या १.१८ आवृत्तीपासून मशालीसारख्या दिव्यांचा उजेड पूर्ण शून्य असेल तरच आपल्या नेहमीच्या जगातले राक्षस उत्पन्न होतात. त्यापूर्वी ७ किंवा त्याहून कमी उजेड त्यांना चालत असे. म्हणजे हीच खोली नव्या आवृत्तीत सुरक्षित आहे आणि जुन्या आवृत्तीत तिचे चारही कोपरे धोक्याचे आहेत. जुने संगणक किंवा आवडीचे मॉड (खेळात बदल करणाऱ्या जोडण्या) यांच्यासाठी कित्येक जण जुनीच आवृत्ती चालवतात आणि सल्ला मात्र नव्या आवृत्तीचा वाचतात. त्यातून पुष्कळ घोटाळे होतात.

दिवाणखान्यात मशाली लावण्याचे सगळ्यांच्याच लक्षात असते. राहून जातात त्या जागा वेगळ्या : जिन्याखालची पोकळी, कपाटासाठी सोडलेला कोनाडा, छपराच्या उताराआतला माळा, तळघराचा शेवटचा खण. माझ्या स्वतःच्या घरात माळ्यावर चढायला शिडीच ठेवली नव्हती, त्यामुळे तिथे मशालही नव्हती. रोज रात्री वरून झोंबीचे कण्हणे ऐकू येई आणि मी मात्र बाहेर त्याचा शोध घेत फिरत असे. सपाट छपराचा वरचा भागही विसरू नये, कारण रात्री तो राक्षसांच्या लेखी मोकळे मैदानच असतो, आणि सकाळी दार उघडून बाहेर पडताच वरून एखादा क्रीपर पुढ्यात उतरतो. छपरावर मशाली बऱ्या दिसत नसतील, तर अर्ध्या उंचीच्या पाट्या, म्हणजे स्लॅब, खालच्या अर्ध्या भागात बसवून छप्पर करावे. त्यांच्यावर राक्षस उत्पन्न होत नाहीत. काचेवरही होत नाहीत.

प्रश्न : क्रीपरच्या स्फोटात घराची एक बाजू उडाली. आता भिंतींना लोखंडाचे ठोकळे लावावेत का?

उत्तर : लोखंड वाया घालवू नये. प्रत्येक ठोकळ्याला स्फोटापुढे टिकण्याचा एक आकडा दिलेला असतो. मातीचा ०.५, फळीचा ३ आणि साध्या फोडीव दगडाचा ६ आहे. गंमत अशी की, लोखंडाच्या ठोकळ्याचा आकडाही ६ आहे आणि हिऱ्याच्या ठोकळ्याचासुद्धा ६ च. एका ठोकळ्याला नऊ हिरे खर्चून जी भिंत उभी राहील, ती स्फोटापुढे फुकट मिळणाऱ्या दगडाइतकीच टिकेल. खरा फरक ऑब्सिडियन या काळ्या, अतिकठीण दगडाने पडतो. त्याचा आकडा १२०० आहे. पण तो फोडायला हिऱ्याची किंवा त्याहून वरची कुदळ लागते आणि एकेका ठोकळ्याला वेळही बराच जातो, म्हणून सबंध घर त्याचे करणे म्हणजे हौसेचा भाग झाला. मौल्यवान वस्तूंच्या पेट्यांभोवती तो रचावा, बाकीच्या घराला दगड उत्तम.

भिंत जाड करण्यापेक्षा क्रीपरला भिंतीशी येऊ न देणे सोपे असते. तो खेळाडूच्या तीन ठोकळ्यांच्या आत आला की फुत्कारतो आणि दीड सेकंदात फुटतो. म्हणजे स्फोट भिंतीसाठी नसतो, आपल्यासाठी असतो. झोंबी आणि स्केलेटन उन्हात जळतात, क्रीपर जळत नाही, त्यामुळे रात्रीचा क्रीपर सकाळी दाराबाहेर तसाच उभा असू शकतो. दार उघडण्यापूर्वी खिडकीतून नजर टाकण्याची सवय लावावी. घराभोवती तीन-चार ठोकळे सोडून कुंपण घालावे, कारण कुंपणाची उंची दिसायला एक ठोकळा असली तरी ओलांडायला ती दीड ठोकळा धरली जाते आणि उडी मारून ते पार करता येत नाही. मांजर पाळल्यास आणखी चांगले. क्रीपर मांजराला घाबरून दूर पळतो. पाण्यात उभा असलेला क्रीपर फुटला तर आपल्याला इजा होते, पण ठोकळे शाबूत राहतात, म्हणून जुने खेळाडू घराभोवती पाण्याचा चर काढतात.

प्रश्न : खालच्या मजल्याच्या सगळ्या भिंती काढल्या, तरी वरचा मजला हवेत तसाच आहे. तो कधी कोसळेल?

उत्तर : कधीच नाही. वाळू, रेव आणि काँक्रीटची पूड यांसारखे मोजके ठोकळे सोडले, तर या जगात आधार काढल्याने काही पडत नाही. फक्त वाळूचे छप्पर करू नये. खालचा आधार निघाला की ते अंगावर येते आणि माणूस त्यात गाडला जाऊन गुदमरतो.

प्रश्न : लाकडी घरात शोभेसाठी लाव्हाची शेकोटी केली होती. तिच्याभोवती एक ठोकळा दगड होता, लाव्हा लाकडाला कुठेही लागत नव्हता. तरी घर जळले. असे का व्हावे?

उत्तर : लाव्हाने आग लावायला स्पर्श लागत नाही. त्याच्या वरच्या आणि वरच्या बाजूंच्या रिकाम्या जागेत तो अधूनमधून ठिणगी टाकतो, आणि त्या जागेला जळणारा ठोकळा लागून असेल, तर तिथे ज्वाला धरते. पुढचे काम आग स्वतःच करते. ती बाजूला आणि खाली एकेक ठोकळा, पण वरच्या दिशेने चार ठोकळ्यांपर्यंत झेप घेते, म्हणूनच शेकोटीच्या भिंती दगडी ठेवून छताला फळ्या मारणाऱ्यांची घरे सर्वाधिक जळतात. लोकर आणि पुस्तकांची कपाटेही लाकडासारखीच पेट घेतात.

शोभाच हवी असेल, तर २०१९ च्या १.१४ आवृत्तीत आलेली ‘कॅम्पफायर’ वापरावी. तीन काठ्या, एक कोळसा आणि तीन ओंडके यांत ती होते, उजेड पूर्ण १५ देते आणि आग पसरवत नाही. तिच्यावर पाय पडला तर मात्र भाजते.

प्रश्न : घर सुरक्षित आहे, पण लांब गेलो की सापडतच नाही. होकायंत्रही चुकीची दिशा दाखवते. काय करावे?

उत्तर : होकायंत्र बरोबरच असते. ते आपल्या घराकडे नव्हे, तर जगात आपण प्रथम जिथे अवतरलो त्या मूळ जागेकडे बोट दाखवते. घर तिथून दूर असेल, तर त्याचा उपयोग नाही. घर पूर्ण झाले की त्याचे स्थानांक कागदावर लिहून ठेवावेत. संगणकावरच्या जावा आवृत्तीत ‘एफ३’ कळ दाबली की ते दिसतात आणि मोबाइल-कन्सोलवरही चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीत जगाच्या सेटिंगमध्ये ते दाखवण्याची सोय असते. आकडे पाहून खेळणे ज्यांना रुचत नाही, त्यांनी आकाशाकडे पाहावे : सूर्य पूर्वेला उगवतो आणि ढग नेहमी पश्चिमेकडे सरकतात. वर सांगितलेली कॅम्पफायर उघड्यावर गवताच्या गासडीवर ठेवली, तर तिचा धूर सुमारे २४ ठोकळे उंच जातो आणि घराची खूण लांबून ओळखू येते.

आणि पलंग आधी करावा. एकाच रंगाच्या लोकरीचे तीन ठोकळे आणि तीन फळ्या यांचा तो होतो. मेंढ्या मिळत नसतील, तर कोळी-राक्षसाकडून (आठ पायांचा किडा) मिळणाऱ्या चार धाग्यांचा लोकरीचा एक ठोकळा करता येतो. पलंगावर झोपले की रात्र सरते, आणि पुढे मरण आले तर माणूस त्याच पलंगापाशी पुन्हा उभा राहतो. पलंग मोडला किंवा त्याच्याभोवतीची जागा बुजली, तर मात्र पुन्हा मूळ जागेपासून पायपीट. सलग तीन दिवस झोप टाळली, तर रात्री आकाशातून फँटम नावाचे उडते राक्षस झडप घालू लागतात. एक ताकीद : नेदर आणि एंड या दोन दुनियांमध्ये पलंगावर झोपायला गेल्यास त्याचा स्फोट होतो.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी घरे फार सुंदर बांधते, पण क्रीपरने ती उडवली की रडत बसते. खेळ बंद करावा का?

उत्तर : बंद करण्याची गरज दिसत नाही. काठिण्यपातळी ‘पीसफुल’ केली की त्रास देणारे राक्षस त्याच क्षणी नाहीसे होतात आणि भूकही लागत नाही. साहित्य मात्र पूर्वीसारखेच कष्टाने गोळा करावे लागते. राक्षसांपासून मिळणारी बारूद आणि हाडे यांसारख्या वस्तू दुर्मीळ होतात, पण घर बांधणाऱ्याचे त्यावाचून फारसे अडत नाही. तिला राक्षस हवे असतील आणि घर उडणे तेवढे नको असेल, तर ‘मॉबग्रीफिंग’ हा नियम बंद करावा; मग क्रीपर फुटतो, पण ठोकळे हलत नाहीत. त्याची किंमत अशी की, खेळातले गावकरीही शेती करेनासे होतात, आणि बेडरॉकमध्ये असे नियम बदलण्यासाठी ‘चीट्स’ चालू केल्यास त्या जगात बक्षिसे मिळणे बंद होते. यातले काय निवडायचे, ते तिलाच विचारावे.

प्रश्न : माझे घर भक्कम आहे, पण दिसते खोक्यासारखे. सौंदर्यासाठी सुरक्षिततेवर पाणी सोडावे लागते का?

उत्तर : बहुधा नाही, उलट काही ठिकाणी दोन्ही एकाच युक्तीत साधतात. खोक्याचा भास सपाट भिंतीमुळे होतो. कोपऱ्यांना ओंडक्यांचे खांब द्यावेत, ते भिंतीच्या एक ठोकळा पुढे असावेत, खिडक्या मागे सरकवाव्यात. त्यातून पडणाऱ्या सावल्यांनी भिंत जिवंत वाटू लागते. छप्पर भिंतीच्या बाहेर एक ठोकळा काढून सगळीकडून वळचण ठेवावी. कोळी कोणतीही उभी भिंत चढून येतो, पण डोक्यावर आडवा आलेला ठोकळा त्याला ओलांडता येत नाही, त्यामुळे त्याची चढाई त्या वळचणीखालीच अडकते. धुराड्यासाठी एका ठोकळ्याचे भोक सोडले, तरी तो त्यातून मावत नाही, कारण त्याचे अंग ठोकळ्याहून रुंद असते.

उंचीच्या बाबतीत मात्र निवड करावी लागते. आपला माणूस १.८ ठोकळे उंच आहे, म्हणून दोन ठोकळ्यांच्या छताखाली तो चालतो, पण खोली बसकी दिसते. तीन ठोकळ्यांचे छत डोळ्यांना सुखावते. एंडरमॅन या लांबलचक राक्षसाची उंची २.९ ठोकळे असल्याने दोनच्या खोलीत तो मावत नाही आणि तीनच्या खोलीत आरामात उभा राहतो. मी स्वतः दिवाणखाना तीनचा ठेवतो, आणि एंडरमॅनशी नजरानजर होऊन तो पाठीस लागला, तर पळून जाण्यासाठी शेजारी दोन उंचीची एक बुटकी खोली बांधून ठेवतो.